दाराचा दगड देवगिरी बघून आला

ओझरच्या गणपतीला जाऊन आलो, ते आमचं दोघांचं शेवटचं जाणं. त्यात विशेष काही नव्हतं. चतुर्थी होती. आमचा शेजारी पिकअपमधून टोमॅटो घेऊन नारायणगावच्या मार्केटला चालला होता. म्हणाला, "चला दोघं, माल उतरला की ओझर करून येऊ." पुढच्या सीटवर आम्ही तिघं दाटून बसलो, आणि बायकोच्या मांडीवर दगड.

हा दगड आमच्या मागच्या दाराचा. आमचं गाव जुन्नर तालुक्यात, मढच्या अलीकडं. घाटाकडून वारा सुटला की दारं-खिडक्या थाऱ्यावर राहत नाहीत. मागचं दार उघडं ठेवायचं तर त्याला तो दगड लावायचा. नारळाएवढा, काळा, एका अंगानं चपटा. दार रंगवलं तेव्हा त्याच्यावर निळा ऑइलपेंट सांडला, तो डाग अजून आहे. चारेक किलो भरेल.

देवाला जाताना दाराचा दगड कशाला, तर तीन माणसांनी मिळून कुठं जाऊ नये असं आमच्याकडं मानतात. तीन तिगाडा, काम बिगाडा. त्याला उपाय म्हणून लोक चौथा माणूस समजून एखादा बारका खडा नाहीतर सुपारी खिशात टाकतात. आमच्या बाईचं तसं नव्हतं. ती म्हणायची, "वाटंवरचा उपरा कशाला घ्यायचा? त्याची आपली वळख ना पाळख. घरातलाच माणूस पायजे." म्हणून दाराचा दगड. पन्नास वर्षं मी हिला त्यावरून हसलो आणि पन्नास वर्षं पिशवी मीच धरली.

एकदा जुन्नरहून एसटीनं आळेफाट्याला निघालो. आम्ही दोघं आणि माझी थोरली बहीण. कंडक्टरनं विचारलं, किती? ही म्हणाली, चौघं. त्यानं चार तिकिटं फाडली. मी म्हटलं, भाऊ, तिघं हाय आमी. कंडक्टर म्हणाला, मग चौथा कुठाय? हिनं पिशवीचं तोंड उघडून दाखवला. त्यानं दगडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. म्हणाला, "फाडलेलं तिकीट माघारी घेता येत न्हाई. बसवा त्यांनला, जागा हाय." तीन माणसांची सीट. बहीण बसली, ही बसली, तिसऱ्या जागी दगड. मी म्हटलं, उचल तो. तर म्हणते, "त्याचं तिकीट काढलंय." आळेफाट्यापर्यंत मी उभा.

तिचा आणखी एक नियम होता. घरी आलं की आधी दगड दाराशी ठेवायचा, मग पाय धुवायचे. चौथा जागेवर बसला की आपण घरी पोचलो, तोवर वाटेतच आहोत, असं तिचं म्हणणं.

त्या दिवशी ओझरहून आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. तिचे गुडघे दुखत होते. पिशवी माझ्यापुढं ठेवून म्हणाली, "दगड तेवढा दाराला ठिवा." मी आडवा झालो होतो. म्हटलं, "उद्या ठिवतो. कुठं पळून चाललाय?"

"उद्या उद्या करत तुमचा जलम गेला."

मग पिठलं-भाकरी केली. पिठलं खारट झालं होतं, तसं मी सांगितलं. ती म्हणाली, "मग पाणी प्या." आमचं शेवटचं बोलणं हेच. पन्नास वर्षांच्या संसारात यापेक्षा बरं काहीतरी शेवटाला बोलायला हवं होतं, पण कुणी आधी सांगत नाही.

सकाळी ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेली.

दगड पिशवीतच राहिला. दहाव्याला त्याच्यावरून घोटाळा झाला. माणसाला अग्नी दिला की तिथला एक खडा आणतात, त्याला जीवखडा म्हणतात. दहा दिवस तो जपायचा आणि मग नदीत सोडायचा. जीवखडा अंगणात कोनाड्यात ठेवला होता. मेव्हणा मुंबईहून आलेला, त्याला काय माहीत. त्यानं पिशवीतला दगड बघितला, हात जोडले, धुतलेल्या फडक्यात बांधला आणि घाटावर घेऊन आला. भटजी म्हणाले, "एवढा मोठा?" मेव्हणा रडत रडत म्हणाला, "आमची अक्का मनानं लई मोठी व्हती." मी पाण्यात उतरून तो त्याच्या हातातून ओढून घेतला. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. मी म्हटलं, "आरं, दार हाय ते माझं." त्यानं लोकांची खात्रीच पटली.

घरी आणला, पण जागेवर ठेवला नाही. पिशवीपासून दार पाच पावलं. रोज मनात यायचं आणि हात मागं यायचा. तिनं सांगितलेलं ते शेवटचं काम. ते केलं की तिचं माझ्याकडं काही कामच उरत नव्हतं.

आठ महिने दार आपटत राहिलं. मी वीट लावून बघितली, ती फुटली. कांद्याचं पोतं लावलं, कांदे सडले. दार लावून घ्यावं तर घरात कोंडल्यासारखं होई. शेजारी रोज कुंपणावरून बोलायचा. "तुझं दार वाजतं नि माझी म्हैस पान्हा चोरती. दगड हाय ना घरात? लाव की."

"उद्या लावतो."

लेक पुण्याहून आली की दाराकडं बघायची. तिनं दाराला चिकटवायचं एक लोहचुंबक आणलं. ते मी फडताळात ठेवलं, त्याला आता सुया चिकटल्यात.

थंडी सरता सरता लेक आणि जावई नवी गाडी घेऊन आले. लेक म्हणाली, "आबा, उद्या देवगिरीला जाऊ. एका दिवसात जाऊन येऊ." मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, "आईला बघायचा व्हता."

हे खरं होतं. कधीकाळी आम्ही वेरूळला गेलो होतो, तेव्हा एसटीच्या खिडकीतून हिला तो डोंगर दिसला, तासलेल्या उभ्या कड्यांचा. मोठ्या राजांची राजधानी होती तिथं, भलंमोठं शहर होतं, असं कुणी गाडीत सांगत होतं. ही म्हणाली, उतरू या का? मी म्हटलं, दगड बघायला एवढ्या लांब उतरायचं? आपल्या शिवनेरीला काय कमी आहेत? नाही उतरलो. एवढी वर्षं लेकीनं ते लक्षात ठेवलं होतं, म्हणजे हिनं तिला पुष्कळदा सांगितलं असणार. मला एकदाही बोलली नाही.

पहाटे निघालो. जावई गाडी चालवायला, लेक पुढं, मी मागं. गावाच्या कमानीपर्यंत गेलो आणि मी मोजलं.

"पावणं, गाडी वळवा."

जावयाला आम्ही पावणं म्हणतो, मग तो किती का जुना होईना. हा शिकलेला, कंपनीत इंजिनीअर. म्हणाला, "मामा, काय राहिलं?"

"आपुन तिघं हाय."

त्याला कळलं नाही. लेकीला कळलं. ती नवऱ्याला म्हणाली, "वळवा मुकाट." घरी आलो, पिशवी घेतली, मागच्या सीटवर माझ्याशेजारी ठेवली. गाडी सुरू झाली आणि टिंग टिंग वाजायला लागली. थांबेना. जावयानं मान वळवून बघितलं. "मामा, पट्टा लावलाय ना?" लावला होता. त्यानं पुढच्या काचेखालचं चित्र बघितलं, मग पिशवी बघितली, आणि त्याचा चेहरा पडला.

"गाडीला वाटतंय तिथं माणूस बसलाय."

"मग बराबर वाटतंय तिला," मी म्हटलं. "तुमच्यापरीस गाडीला जास्त कळतंय."

शेवटी दगडाला पट्टा लावला तेव्हा गाडी गप बसली. जावई आळेफाट्यापर्यंत आरशातून पिशवीकडं बघत होता. तिथं चहाला थांबलो. टाकळी ढोकेश्वर, नगर, नेवासा असं करत गेलो. गाडी चांगली आहे, पण आतून सगळं बंद. बाहेर ऊस तोडलेला दिसतो आणि त्याचा वास येत नाही, म्हणजे टीव्हीच बघायचा. लेक मधून मधून मागं बघायची. मी तिला सांगितलं, "आमी दोघं बरं हाय. तू पुढं बघ."

संभाजीनगर ओलांडलं आणि तो डोंगर दिसला. कोणीतरी चाकूनं चारी बाजूंनी सोलल्यासारखा. मी मनात म्हटलं, उतरायला पाहिजे होतं.

तिकिटं काढली. दारावर रखवालदार लोकांच्या पिशव्या बघत होता. पाण्याच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या लावून त्या टेबलावर ठेवून घेत होता. माझी पिशवी त्यानं उचलली आणि त्याचा हात खाली गेला.

"आजोबा, काय हाय यात?"

"दगड."

"कुठला दगड?"

"दाराचा."

तो एकदम ताठ झाला. त्याला वाटलं, किल्ल्याच्या दाराचा. "कुठल्या दाराचा?"

"आमच्या घरच्या. मागल्या."

"मग इथं कशाला आणला?"

"आमी तिघं हाय."

त्यानं आम्हा तिघांना नीट बघून घेतलं. जावई लांब जाऊन किल्ल्यातल्या मनोऱ्याकडं तोंड करून उभा होता, आमचा-त्याचा काही संबंध नसल्यासारखा.

"दगड आत नेता येत न्हाई."

"आत सगळा दगडच हाय की, भाऊ."

"आतला सरकारी हाय. हा तुमचा. येताना तुमी आतला एखादा उचलून म्हणाल, हा माझा. मला काय कळणार?"

"निळा डाग हाय त्याला."

"ते मी लिहून कुठं ठेवू? ठेवा इथं टेबलावर. दगड कोण चोरतंय."

माणूस खोटं बोलत नव्हता. मी बाटल्यांच्या रांगेत शेवटी दगड ठेवला आणि त्याला सांगितलं, आलोच. रखवालदाराला वाटलं, त्याला सांगितलं.

तर असे आम्ही आत गेलो ते तिघंच गेलो. आणि काय व्हायचं ते झालं. शंभर पावलं गेलो नाही तोवर माझ्या चपलेचा अंगठा तुटला. जावई म्हणाला, चप्पल जुनी होती. ठीक आहे. एका तोफेला मागच्या बाजूनं मेंढ्याचं तोंड आहे, ती बघत होतो, तेवढ्यात काळ्या तोंडाच्या वानरानं लेकीच्या हातातली शिदोरी ओढली. तटावर बसून त्यानं फडक्याची गाठ सोडली, दशम्या खाल्ल्या आणि चटणी आमच्या अंगावर फेकून दिली. मी लेकीला म्हटलं, "तुझ्या आईची असती तर चटणीबी खाल्ली असती." तिला वाईट वाटलं असेल, पण चटणी खरंच खारट होती. खारटाचं त्यांच्यात आईपासूनच आहे.

जावई फोनमध्ये बघून माहिती वाचत होता. दिल्लीचा कुणी एक बादशहा, त्याच्या मनात आलं, राजधानी इथं आणावी. सगळी दिल्ली उठवली, बायकापोरांसकट एवढ्या लांब चालवत आणली. मग काही वर्षांनी म्हणाला, चला परत.

"सगळ्यांनला परत जाग्यावर ठिवलं?" मी विचारलं.

"जेवढे वाचले तेवढे."

"काही वर्षांनी?"

"हो."

मी म्हटलं, मग मी आठच महिने लावले. बादशहाच्या मानानं काहीच नाही. जावयाला वाटलं, मी इतिहासावर बोलतोय.

पुढं खंदक आला. त्याच्यावरच्या पुलाशी मी बसलो. तुटकी चप्पल हातात घेऊन वर चढण्यात अर्थ नव्हता. लेक माझ्यापाशी थांबली. पलीकडं कातळातून अंधारी वाट आहे. शत्रू आत शिरला की त्याला काही दिसू नये म्हणून केलेली. जावई म्हणाला, मी बघून येतो. गेला, आणि थोड्या वेळानं डोकं धरून आला. आत वटवाघळं उडाली, हा वाकायचं ते उभा राहिला आणि कातळावर आपटला. कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ. मी त्याला नुसती तीन बोटं दाखवली.

"मामा, तिथं अंधार होता म्हणून लागलं."

"हां. आनि वानराला भूक लागली म्हनून त्यानं दशम्या नेल्या. सगळ्याला कारन असतंयच की."

खाली आलो. रखवालदार बदलला होता. टेबलावर बाटल्या होत्या, दगड नव्हता.

मी टेबलाखाली वाकून बघितलं. मग विचारलं, "हितला दगड कुठाय?"

"कुठला दगड?" नवा रखवालदार म्हणाला.

"काळा."

त्यानं हात असा गोल फिरवला. तट, बुरूज, डोंगर, खंदक. "कुठला पायजे?"

"टेबलावरचा. सकाळच्या भाऊंनी ठिवून घेतला व्हता."

"त्याची ड्युटी संपली. मला बाटल्यांचं सांगितलं त्यानं, दगडाचं न्हाई सांगितलं. झाडणाऱ्या बाईनं टाकला असंल तिकडं."

तिकडं म्हणजे भिंतीच्या दुरुस्तीसाठी आणलेला दगडांचा ढीग, घराएवढा. मी चप्पल खाली ठेवली आणि ढिगाशी बसलो. लेक म्हणाली, "आबा, यातलाच एखादा घेऊ. तसाच बघून."

"मग तुझ्या आईच्या जागी बी दुसरी बघतो. एवढ्या फिरत्यात हितं."

मग तिनं ओढणी कमरेला बांधली आणि दगड उचलायला लागली. जावई पण आला. एका हातानं टेंगूळ धरलेलं, दुसऱ्या हातानं दगड.

तेवढ्यात एक बस रिकामी झाली. परभणीकडच्या बचत गटाच्या बाया, सगळ्यांच्या अंगावर एकसारखी पोपटी लुगडी. त्यांच्यातली एक दांडगी बाई आमच्यापाशी थांबली. "काय हरवलं हो, काका?"

"दगड."

काळा, निळ्या डागाचा, असंही सांगितलं. मला वाटलं, हसेल. तिनं विचारलं, "किती जण आलात?"

"तिघं."

"मंग बरोबर हाय." ती मागं वळली. "अगं बायांनो, काकांचा चौथा हरपलाय. या बरं इकडं. काळा हाय, निळा डाग हाय." मग मला म्हणाली, "आमच्या डायवरच्या केबिनीत तिघं हायेत, त्यांच्यासाठी मीच सुपारी देली. तुमी दगडच आणला व्हय?"

"आमच्यात तीच पद्धत हाय."

"नाई, चांगलंच हाय. सुपारी कोनी खाऊन टाकतं."

पंचवीस-तीस बाया ढिगाभोवती बसल्या. एकेक दगड माझ्यापुढं आणायला लागल्या. हा का, काका? नाही. हा बघा बरं. नाही. एकीनं लांबून ओरडून सांगितलं, सापडला, रंग आहे याला. तो लाल होता.

"पान खाऊन थुंकलेला हाय तो, बाई."

तिनं टाकला आणि हात शेजारणीच्या पदराला पुसला. त्यावरून त्यांची वेगळी भांडणं. थोड्या वेळात माझ्यापुढं चाळीसेक दगड जमले. नवा रखवालदार आला. "हे सगळे परत होते तिथं ठेवावे लागतील." बायांनी त्याला विचारलं, कोणता कुठं होता ते सांगा, ठेवतो. तो परत खुर्चीवर जाऊन बसला.

दांडगी बाई दमून माझ्यापाशी टेकली. हळू आवाजात म्हणाली, "काका, एवढा काय जीव त्याच्यात?"

मी म्हटलं, "मंडळी म्हनली व्हती, जाग्यावर ठिवा. मी म्हनलो, उद्या ठिवतो."

"मंग?"

"मग ती गेली."

तिनं पदर परत खोचला आणि ढिगात पहिल्यापेक्षा जोरानं हात घातला. मोठमोठे धोंडे उलथायला लागली. त्यांच्याखाली माझा दगड कसा जाईल, पण मी तिला अडवलं नाही.

ऊन कलंडलं आणि वारा सुटला. रखवालदाराची एक पत्र्याची खोली होती फाटकाला लागून. तिची खिडकी थाडकन आपटली. आठ महिने मी हेच ऐकत होतो. आधी खिडकी आपटते, तिच्यामागून दार, हे मला पाठ झालं होतं. मी दाराची वाट बघत बसलो. खिडकी दुसऱ्यांदा आपटली, तिसऱ्यांदा आपटली. दार गप.

मी उठलो. अनवाणी एक पाय, तसाच खोलीकडं गेलो. दार सताड उघडं होतं, वाऱ्यानं थरथरत होतं, पण हलत नव्हतं. दाराआड बघितलं. चपटी बाजू खाली, निळा डाग वर. बसला होता दार धरून. झाडणाऱ्या बाईला टेबल पुसायचं होतं, तिनं दगड उचलला असेल आणि हातातला दगड कुठं ठेवायचा हे बाईला कुणी सांगावं लागत नाही. नव्या रखवालदारानं आल्यापासून तसंच उघडं दार बघितलेलं, त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

मी तो उचलला. दार माझ्यामागं असं आपटलं की खुर्चीवरचा रखवालदार उभा राहिला.

"अहो आजोबा, आता माझं दार?"

दांडगी बाई म्हणाली, "हे बघा, चाळीस काढून ठेवलेत. निवडा तुमच्या पसंतीनं."

बाया हसत हसत किल्ल्यात शिरल्या. लेक माझ्या शेजारी येऊन उभी राहिली, दगड माझ्या हातातून घेतला आणि ओढणीच्या टोकानं पुसला. निळा डाग जास्त वेळ पुसला. मग म्हणाली, "आबा, चटणी खरंच खारट झाली व्हती का?"

"व्हय."

"मग पाणी प्यायचं," ती म्हणाली. मी तिला ते खारट पिठल्याचं कधी सांगितलं नव्हतं. मी गाडीकडं चालायला लागलो.

गाडीत दगडाला पट्टा जावयानं स्वतः लावला. न सांगता. ओढूनसुद्धा बघितला. पुढं बसून आरशातून म्हणाला, "मामा, बसले का चौघं?"

"बसलो. चला."

येताना काही झालं नाही. चप्पल नगरला शिवून घेतली, टेंगूळ उतरलं. मला दारात सोडून ती दोघं तशीच पुण्याला गेली, त्यांना सकाळी कामं. दोघांना दगड लागत नाही. मी घरात आलो, पिशवी खाली ठेवली, आडवा झालो आणि तोंडातून गेलं, "उद्या ठिवतो." ऐकायला कुणी नव्हतं. असतं तर ऐकून घ्यावं लागलं असतं.

सकाळी उठलो. तोंडसुद्धा धुतलं नाही. मागचं दार उघडलं, पिशवीतून दगड काढला, पाच पावलं गेलो आणि दाराला लावला. चपटी बाजू खाली. आठ महिन्यांत तिथं मुंग्यांनी माती काढली होती, ती पायानं सरकवली. वारा होता. दार हललं नाही. मी उंबऱ्यावर बसलो.

किती वेळ बसलो कोण जाणे. शेजारी कुंपणाच्या फटीतून घाईघाईनं आला. बोटाला मशेरी, दात काळे. मला बघून थांबला.

"हायेस व्हय?"

"का?"

"दार वाजलं न्हाई आज. बायको म्हनली, बघून या, म्हातारा हाय का गेला. म्हशीनं बी आज निमूट दूध दिलं, तवा मला जास्तच भ्या वाटलं."

मग त्याला दगड दिसला. त्यानं दगडाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. ओझरला पिकअप त्यानंच नेला होता, तिघांतला तिसरा तोच. हिचा नियम त्याला ठाऊक होता. पुष्कळ वेळ दात घासत उभा राहिला.

"म्हंजी," तो म्हणाला, "आपुन ओझरवरनं आज घरी आलो म्हनायचं."

"व्हय," मी म्हटलं. "नारायणगावला लई ट्राफिक लागलं."

तो हौदावर गेला. मशेरीचं तोंड धुतलं, दोन्ही पाय धुतले, घोट्यापर्यंत, चोळून. मग तांब्या भरून माझ्यापुढं धरला.

"घे. आता तू धू."

मी धुतले.